गंजाची पारख

नाशिकचा धातूंशी असलेला संबंध सांगायचा झाला की लोक घडवणाऱ्यांपासून सुरुवात करतात. १८८३ सालचा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक खंड इथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची दखल घेतो. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावं जुन्या गावात अजून नांदती आहेत. पुढे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, सातपूर आणि अंबडच्या वसाहती उभ्या राहिल्या, ओझरला लढाऊ विमानं तयार होऊ लागली, मायकोच्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझलं आणि महिंद्रच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. हा इतिहास खराच आहे, पण त्यात एका धंद्याचा हिशेब कुठेच लागत नाही. घडवलेली वस्तू वापरात आली की हवा, पाणी, मीठ आणि आंबट पदार्थ तिच्यावर आपले थर चढवू लागतात. ते थर ओळखणारे आणि उतरवणारे हात या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राबले. दारोदार फिरणारा कल्हईवाला, रेडिएटरला डाग देणारा कारागीर, गॅरेजच्या कोपऱ्यात रॉकेलच्या टोपात इंजिनाचे सुटे भाग धुणारं पोरगं, ही सगळी या एकाच धंद्यातली माणसं. त्यांचं काम आपण ‘घासणं’ समजलो आणि घासायला डोकं लागत नाही असं गृहीत धरलं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. या कामात घासणं हा शेवटचा आणि सगळ्यांत सोपा भाग असतो. त्याआधी धातू ओळखावा लागतो, थर ओळखावा लागतो, तो कशानं चढला हे ठरवावं लागतं आणि कधीकधी हात न लावण्याचा निर्णय घ्यावा लागतो. या निदानाचे पुरावे नाशिकमध्ये स्वयंपाकघरापासून द्राक्षबागेपर्यंत आणि नाणेसंग्रहापासून इंजिनापर्यंत विखुरलेले आहेत.

पहिला पुरावा भाषेतच आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती ‘कळकते’. हे क्रियापद फक्त याच बिघाडासाठी आहे. नासणं वेगळं, आंबणं वेगळं, विटणं वेगळं आणि कळकणं वेगळं. पदार्थातलं आम्ल तांब्याला खातं, तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात, चव तुरट-कडसर होते आणि पोटात ढवळतं. ही सगळी कारणसाखळी ज्या समाजानं एका शब्दात बांधली, त्याला गंजाची जात ओळखता येत होती हे मान्य करावं लागतं. ‘पितळ उघडं पडणं’ हा वाक्प्रचार आपण आता माणसांबद्दल वापरतो, पण त्यात भांड्याचं निदानही वाचता येतं: वरचा मुलामा झिजला आणि आतला धातू दिसू लागला. ज्या घरात हे वेळेवर दिसत नसे त्या घरात माणसं आजारी पडत. त्यामुळे भांडं उजेडात धरून तळ न्याहाळणं, कुठे कथील पातळ झालंय ते बोटानं चाचपणं, हा घरातल्या बाईचा नित्याचा परिपाठ होता आणि कल्हईवाल्याला कधी हाक मारायची हे तीच ठरवत असे.

कल्हईचं काम जवळून पाहिलं तर निदानाचा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भांडं आधी वाळूनं आणि आम्लानं घासून घेतलेलं; मोठं पातेलं असेल तर त्यात उभं राहून, पायाखाली फडकं घेऊन, कमरेतून गिरक्या मारत घासलेलं. मग ते विस्तवावर धरायचं आणि नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर निघतो. तापल्यावर नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. हे आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा पापुद्रा खातं आणि क्षणभर अगदी कोरा धातू उघडा करतं. हवा त्याला पुन्हा गाठायच्या आत कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, पण कल्हईवाल्याकडे तापमापक नसतो. ताप कमी पडला तर कथील गोळा होऊन घरंगळतं, जास्त झाला तर ते जळून पिवळट पडतं. एखाद्या जागी कथील धरतच नसेल तर कारागीर तिथे जोर लावत नाही. तो जाणतो की तिथे तेल किंवा जुना गंज उरला आहे, आणि नवसागराची दुसरी चिमूट तेवढ्याच जागी टाकतो. धातूनं कथील नाकारणं ही त्याच्या लेखी खूणच असते. सगळं काम एका मिनिटाच्या आसपास आटपतं आणि त्या मिनिटात तीन-चार वेळा पारख करावी लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. याला ज्ञान म्हणायचं का? कल्हईवाल्याला आम्ल, ऑक्साइड, क्लोराइड यांपैकी काहीच ठाऊक नव्हतं. बापानं केलं तसं त्यानं केलं. यावर उत्तर देताना जगात अठराव्या शतकात काय चाललं होतं ते पाहावं लागतं. १७६१ साली ब्रिटिश आरमारानं ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा लोखंडी खिळे खाऊन गेलेले निघाले. फक्त जिथे पत्रा गुंडाळून आलेला जाड कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की लोखंड आधी मरतं, हा धडा जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला असा मिळाला, आणि त्यामागचं विद्युत-रसायन हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं उलगडायला १८२४ साल उजाडलं. म्हणजे धातू का गंजतो हे अठराव्या शतकात कुणालाच माहीत नव्हतं. फरक एवढाच होता की कोण नीट निरीक्षण करत होतं आणि कोण करत नव्हतं. उपपत्ती नसलेलं निरीक्षणही ज्ञानच असतं, मात्र त्याला मर्यादा असतात आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कथील महाग, शिसं स्वस्त. कथलात शिसं मिसळलं तरी कल्हई चकचकीतच दिसते, आणि ते शिसं अन्नातून शरीरात जातं. डोळ्यांनी आणि जिभेनं होणाऱ्या पारखीला हा दोष पकडता येत नव्हता. तांब्याचा विषार जिभेला लगेच कळतो, शिशाचा कळत नाही. परंपरेचं कौतुक करणाऱ्यांनी हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे.

दुसरा पुरावा द्राक्षबागांतला. निफाड, दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ‘बोर्डो’ हा शब्द न कळणारा बागायतदार सापडणार नाही. मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणाचा शोध फ्रान्समधला. मेदॉक भागात वाटेच्या कडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, हा निळसर लेप मारत असत. बोर्डोच्या विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एक टक्क्याचं मिश्रण करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. चुना कमी पडला तर मोकळं राहिलेलं मोरचूद कोवळी पानं करपवतं. तेव्हा चुना पुरला की नाही हे बघायची जुनी रीत अशी आहे की घासून लख्ख केलेलं लोखंडी पातं किंवा खिळा मिश्रणात काही वेळ बुडवायचा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर अजून चुना घालायचा. खिळा जसा घातला तसाच निघाला तर फवारणीला हरकत नाही.

हा खिळा म्हणजे गंजाचा उलटा वापर आहे. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडाला भेटलं की लोखंड विरघळून पाण्यात जातं आणि तांबं त्याच्या जागी बसतं. व्यवहार एकाच दिशेनं होतो, परत फिरत नाही. म्हणूनच मोरचूद लोखंडी पिंपात कालवत नाहीत आणि फवारणीचे जुने हातपंप पितळेचे असत. या पट्ट्यातला शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला आहे, आणि मोटारीच्या इंजिनात पुढे काय घडणार होतं त्याची ही नेमकी तालीम होती. रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असलं की रेडिएटरचं तांबं कणाकणानं पाण्यात उतरतं आणि फिरत फिरत हेडवर जाऊन बसतं. तांब्याच्या प्रत्येक ठिपक्याभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि खड्डा पडतो. बोर्डोच्या पिंपातला खिळा आणि इंजिनातलं हेड एकाच नियमानं मरतात. बागेत तो नियम मुद्दाम वापरला जातो, बॉनेटखाली तो नकळत आपलं काम करत राहतो.

आता इंजिनाकडे येऊ. मुंबई-आग्रा रस्ता नाशिकमधून जातो आणि त्याआधी कसाऱ्याचा घाट लागतो. भरलेल्या गाड्या हा चढ चढताना रेडिएटर उकळायचा, आणि मिळेल ते पाणी त्यात ओतलं जायचं: ओढ्याचं, विहिरीचं, हातपंपाचं. गोडं पाणी, खारं पाणी, चुन्याचं पाणी असा भेद त्या घाईत कोण करणार! द्वारका आणि मुंबई नाक्याच्या बाजूच्या गॅरेजांत पुढे जे दुखणं येई ते या पाण्याचं असे. जाणता मेस्त्री रेडिएटरचं झाकण उघडून आधी पाणी बघतो. विटकरी, गढूळ पाणी म्हणजे बिडाचा ब्लॉक गंजतोय. पांढुरका गाळ म्हणजे एकतर पाण्यातला चुना किंवा ॲल्युमिनियमचा क्षार, आणि दोन्ही वेगळे करायचे तर त्यावर लिंबू पिळून बघावं, चुना फसफसतो. हिरवट-निळसर छटा दिसली तर रेडिएटरचं तांबं सुटतंय. वर तेलाचा तवंग असेल तर गॅस्केट फुटलंय आणि गोष्ट गंजाच्या पलीकडे गेली आहे. हे सगळं एकही नट सैल करण्याआधी कळतं. पाणी ओतून दिलं, टाकी धुऊन काढली आणि मग गाडी मेस्त्रीकडे आणली की हा पुरावा गेलेला असतो, म्हणून चांगल्या मेस्त्रीला धुऊन आणलेलं इंजिन आवडत नाही.

निदान चुकलं तर काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण दोन गाड्यांचं आहे. स्वतंत्र भारताच्या रस्त्यांवर कित्येक दशकं ॲम्बॅसॅडर आणि फियाट याच दोन गाड्यांचं राज्य होतं, आणि एकाच गॅरेजमध्ये दोन्ही शेजारी उभ्या असत. ॲम्बॅसॅडरचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचं. पुढे प्रीमियर पद्मिनी झालेल्या फियाटचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. चिकट काजळी आणि जुनं तेल काढायला कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात भाग बुडवून ठेवण्याची रीत होती. बीड त्यातून निर्मळ निघतं. ॲल्युमिनियम मात्र त्यात बुडबुडे सोडत विरघळतं. हायड्रोजन निघतो, पृष्ठभाग काळा पडतो, वॉल्व्हच्या बैठका आणि गॅस्केटची पातळी हातची जाते. दोन्ही हेडं तेलानं माखलेली असताना सारखीच काळी दिसतात. कोणतं कुठल्या टाकीत घालायचं हे ठरवायला हातातलं वजन, कानाशी ठोकून येणारा आवाज आणि कोपऱ्यात कानसीनं एक बारीक ओरखडा एवढं पुरतं, पण ते करावं लागतं. ॲल्युमिनियमला रॉकेल, मऊ ब्रश आणि सबुरी. बिडाला कॉस्टिक चालतं, तारेचा ब्रशही चालतो. औषध धातूवर ठरतं, आणि धातू आधी विचारावा लागतो.

पण फक्त धातू ओळखूनही भागत नाही, आणि इथे मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा मुद्दा दिसतो. तांब्याच्या तांब्यावर चढलेला हिरवा थर चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं काढतात. बॅटरीच्या टर्मिनलवरही असाच निळा-हिरवा भुगा चढतो, कारण तिथेही तांब्याची तार आणि पितळेची पकड असते. रंग जवळजवळ तोच आणि धातूही तोच. तरी तिथे चिंच चालत नाही. तिथे कढत पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओततात, तो फसफसतो, मग कोरडं करून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावतात. भांड्यावरचा थर हा हवा आणि ओलाव्यानं झालेल्या जुन्या क्रियेचा अवशेष असतो. तो विरघळवायला आम्ल लागतं. बॅटरीवरचा भुगा गंधकाम्लाच्या वाफेनं अजून तयार होत असतो. आम्ल तिथे हजर आहे; त्याला आणखी आम्ल पाजलं तर रोग वाढेल, म्हणून अल्कली. एकच हिरवा रंग, एकच तांबं आणि दोन विरुद्ध औषधं. घासणं म्हणजे हमाली असं म्हणणाऱ्यांनी याचा उलगडा करून दाखवावा. स्वयंपाकघरातली चिंच बॅटरीकडे न नेणारा आणि बॅटरीचा सोडा ॲल्युमिनियमच्या भागावर न सांडू देणारा मेस्त्री नकळत रसायनशास्त्राची एक परीक्षा रोज उत्तीर्ण होत असतो.

हात लावू नये हा निर्णयही निदानातूनच येतो. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० च्या दशकापासून नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे. नाणेशास्त्राचा पहिला नियम म्हणजे सापडलेलं नाणं चिंचेनं घासू नये. तांब्याच्या जुन्या नाण्यावरची घट्ट, गडद हिरवी साय ही संरक्षक असते आणि तिच्यातच अक्षरांचा उठाव टिकलेला असतो. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड मात्र वेगळी. ती क्लोराइडची खूण, आणि दमट हवेत ती नाणं आतून पोखरत राहते. पहिलीला सांभाळायचं, दुसरीला थांबवायचं. पृष्ठभाग घासून टाकण्यात काय गमावतं याची कल्पना १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या निधीवरून येते. क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी त्यात होती, आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. क्षत्रपांचा पराभव झाला याचा हा प्रत्यक्ष पुरावा, आणि तो आहे कुठे, तर केसाएवढ्या उंचीच्या दोन छापांच्या थरांत. त्या नाण्यांना कुणी चकाकी आणायला घासलं असतं तर सातवाहनांच्या इतिहासातलं एक पान घासलं गेलं असतं.

इंजिनातही अशी जागा आहे, आणि ती नाशिकचीच म्हणावी लागेल, कारण सातपूरला डिझेल इंजिनाची नोझलं बनतात. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा वीस-पंचवीस पट बारीक. सुई आणि घर जोडीनंच घासून तयार होतात. एकाची सुई दुसऱ्याच्या घरात घालत नाहीत. डिझेलमध्ये पाणी आलं की या फटीत गंजाचा ठिपका धरतो, सुई अडकते, फवाऱ्याऐवजी धार पडते आणि गाडी काळा धूर ओकते. निदानाची रीत साधी आणि सुंदर आहे. सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून घरात सरकवायची, एक तृतीयांश बाहेर ओढायची, नोझल उभं धरायचं आणि सुई सोडून द्यायची. ती स्वतःच्या वजनानं, सावकाश, न अडखळता खाली गेली पाहिजे. अडखळली तर थोडं फिरवून पुन्हा. टोकावरची काजळी पितळी तारेच्या ब्रशनं काढतात, पोलादी ब्रशनं नाही, कारण पितळ मऊ आहे आणि पोलादाला ओरखडत नाही. पण सुईवर गंज धरला असेल तर पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. घासून सुई चकचकीत होईल, मोकळीही फिरेल, पण फट वाढेल, डिझेल मागे गळेल आणि फवारा कायमचा बिघडेल. इथे निदानाचा निकाल असा की हा भाग साफ होत नाही. हे सांगणारा कारागीर घासणाऱ्यापेक्षा मोठा, आणि त्याची मजुरी मात्र गिऱ्हाईक द्यायला नाराज, कारण त्यानं ‘काही केलंच नाही’.

इथे दोन शंका उरतात. एक म्हणजे, कल्हईवाला आणि मोटार मेस्त्री यांच्यात मी जोडतोय ते नातं खरं आहे का? तांबटांची मुलं घाऊक प्रमाणात गॅरेजात गेली असा दावा मी करत नाही आणि त्याची गरजही नाही. नातं साहित्यातून दिसतं. तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला की तो दुरुस्त करणाऱ्याच्या पाटावर जे सामान असे ते बघावं: कथील, नवसागर, आम्ल, विस्तव. गळती शोधायला रेडिएटर पाण्यात बुडवून त्यात हवा भरायची, बुडबुडा कुठून येतो त्या जागी खूण करायची, तेवढाच पत्रा कोरा होईपर्यंत खरवडायचा, नवसागर लावायचा आणि कथील-शिशाचा डाग द्यायचा. चुलीजवळची क्रिया जशीच्या तशी बॉनेटजवळ आली. ज्या शहरात हे सामान भांडी बाजाराच्या आसपासच मिळत होतं आणि ते वापरायची सवय घराघरात होती, तिथे मोटारीची ही दुरुस्ती रुजायला परकेपणा वाटला नसणार, एवढंच अनुमान मी काढतो.

दुसरी शंका व्यवहाराची. आता स्टीलची भांडी आहेत, ॲल्युमिनियमचे रेडिएटर आहेत ज्यांना कथलाचा डाग बसत नाही, तयार कूलंट मिळतं आणि खराब भाग बदलणं घासण्याहून स्वस्त पडतं. मग ही पारख कशाला? कूलंटचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्यात गंजरोधक घातलेले असतात आणि नाशिकच्या हवेत, जिथे पाणी गोठण्याची भीती जवळपास नाही, त्याचं खरं काम तेच आहे. पण भाग बदलण्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ट्रकच्या इंजिनाचा लायनर बाहेरून बघा. पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला, वरून खाली ओळीनं, वाळवी लागल्यासारखी भोकं पडलेली असतात. लायनर थरथरतो, त्याच्या अंगालगतच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, प्रत्येक फुटण्यानं संरक्षक थराचा कण उडतो आणि उघड्या धातूला पाणी गाठतं. भोकं सगळीकडे सारखी विखुरलेली असती तर दोष निव्वळ पाण्याचा. ती एका बाजूला ओळीत आहेत म्हणून दोष थरथरीचा आणि कमी पडलेल्या कूलंटचा. हे न वाचता नवा लायनर बसवला आणि पुन्हा विहिरीचं पाणी भरलं, तर नव्यालाही त्याच जागी तीच भोकं पडतात. भाग बदलता येतो. कारण बदलायचं असेल तर जुना भाग भंगारात टाकण्याआधी उलटसुलट करून बघावा लागतो.

शहर घाटमाथ्याच्या आड आहे, समुद्र लांब आहे, हवा मुंबईपेक्षा कोरडी आहे, मग इथे गंजाचं एवढं काय, असंही कुणी म्हणेल. त्याला गोदावरी उत्तर देते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या तिन्ही पुरांत पाणी गोदाघाटावरून सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरलं. काठावरच्या गाड्या गाळात बसल्या. अशा गाडीचा मालक पहिली गोष्ट करायला जातो ती किल्ली फिरवण्याची, आणि मेस्त्री पहिली गोष्ट करतो ती त्याचा हात धरण्याची. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार सोडायची. तेलाची पट्टी ओढून बघायची. तेल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी आत पोचलं आहे. मग एअर फिल्टरचा डबा उघडायचा आणि त्याच्या भिंतीवर गाळाची रेघ शोधायची. रेघ फिल्टरच्या खाली असेल तर तेल बदलून, वायरिंग सुकवून गाडी वाचते. रेघ वर असेल तर प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, सिलिंडरमध्ये तेल सोडायचं आणि तेही त्याच दिवशी, कारण ओल्या बिडाच्या भिंतीवर गंज रात्रभरात धरतो. गोदेला पूर आला की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात; पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, छातीला लागलं की डोक्यावरून गेलं, यावर काठावरचे लोक दुकानं हलवायची की नाही ते ठरवतात. एअर फिल्टरच्या डब्यातली ती गाळाची रेघ मेस्त्री तशीच वाचतो, आणि ती वाचून होईपर्यंत कुणाला फडकं मारू देत नाही.